शेऱ्याचा रकाना

स्कोअरबुकात रकाने ठरलेले असतात:
धावा, चेंडू, कोण कसा बाद,
वाईड, नो-बॉल, लेग-बाय,
आणि अगदी कडेला, करंगळीएवढा, शेरा.
एकवीस वर्षं बसतोय मी पार्क मैदानावर
कानावर शिसपेन्सिल ठेवून.
शेऱ्यात आजवर लिहिलंय फार तर
'चेंडू हरवला', 'कुत्रं आत आलं',
'ऊन. पंच चक्कर येऊन बसले.'

त्या रविवारी अकरावं षटक.
बिंगी आला टाकायला. यादगिरी बिंगी,
साखरपेठेतला, रात्रपाळीला टॉवेलच्या मागावर,
भुवयांवर अजून कापसाची पिसं.
पावलं मोजत होता मागे जात, तेलुगूत.
माझ्या शेजारी, एकाच ताडपत्रीखाली,
मल्लिनाथ हत्तुरे, हातात माईक:
"आणि आता येतोय तव्याचा तळ!
लाईट लावा की बे कुणीतरी,
बॉल दिसेना, बॉलर दिसेना!"

मैदान हसलं.
शेंगदाणेवाला हसला, फलंदाज हसला,
बिंगीचाच विकेटकीपर हसला, तोंडावर ग्लोव्ह धरून.
मीही.
हसण्यानं पेन्सिल हलली
आणि त्या चेंडूचा ठिपका वाकडा पडला.
अजून आहे तो. दाखवीन.

हत्तुरे वाईट माणूस नव्हे.
माझ्या बायकोच्या ऑपरेशनला
रात्रभर सिव्हिलच्या पायरीवर बसला होता.
हेही कुठं लिहायचं, त्याला रकाना नाही.

चहाला वाद पेटला.
गंमत करायलाय की बे, मनावर काय घेता.
गंमत आपली करून बघ की मग.
एक वकील होते, रविवारीही वकीलच:
आज विनोद बंद कराल, उद्या टीका बंद होईल.
मला पटलं. खरंच पटलं.
या गावानं बंदुकीच्या धाकातली शांतता पाहिलीय,
तोंड दाबणाऱ्याला आम्ही चांगलं म्हणत नाही.
मागून कुणी म्हणालं, पण काळा तर आहेच की तो.
त्यावर सगळ्यांनी बशीत चहा ओतला.

मग बिंगी आला ताडपत्रीखाली.
"माईक द्या की. दोन मिनिटं."
हत्तुरेनं माईक पोटाशी धरला,
गर्दीत लेकरू धरावं तसा.
वकील म्हणाले, आत्ता नको, वातावरण तापलंय.
समिती म्हणाली, खेळाडूनं खेळावं.
कुणीतरी जनरेटर बंद केला,
डिझेल वाचावं म्हणून.

तो बोललाच, बिनमाईकचा.
"माझं नाव यादगिरी.
बॉलिंगला आलो की तेवढं सांगत जावा."
लाँग-ऑनपर्यंतही गेलं नाही ते.
मला ऐकू आलं, कारण माझं टेबल तिथं होतं.
एवढंच माझं पुण्य.

सामना ते हरले.
शेवटच्या षटकात त्याला दोन षटकार बसले.
गोष्ट असती तर हॅटट्रिक झाली असती,
पण मी स्कोअरर आहे.

संध्याकाळी शेऱ्यात लिहिलं, अक्षर बारीक करून:
'षटक ११. समालोचकाने गोलंदाजाच्या रंगावर विनोद केला.
गोलंदाजास माईक दिला नाही.
स्कोअरर हसला.'

सोमवारी समिती घरी.
"पुसून टाका की काका, पेन्सिलीनंच तर लिहिलंय.
उगं गावाचं नाव जातंय."
मी वही पुढं केली. वर खोडरबर ठेवलं.
म्हटलं, पुसा. फक्त पहिल्या पानावर तुमचाच नियम छापलाय:
खाडाखोड केल्यास शेजारी सही करावी.

पंखा फिरत राहिला.
चौघांच्यात पेन एकाकडेच होतं.
त्यानं टोपण काढलं,
वाकडा ठिपका बघत बसला थोडा वेळ,
टोपण परत लावलं,
आणि विचारलं,
"त्या पोराचं नाव काय म्हणालात?"